मधल्या म्युझिकची माणसं

हिंदी सिनेमाच्या जुन्या तबकडीवर गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं, बहुतेक वेळा गीतकाराचंही असतं. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंत जी पंधरा-वीस सेकंदं जातात, त्यांचा धनी मात्र लेबलावर कुठेच सापडत नाही. आमच्या घरात नेमका त्या पंधरा-वीस सेकंदांना भाव होता, तो थोरल्या मामामुळे. मामा स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचा. पुढच्या रांगेत नव्हे, मागच्या. रेडिओवर गाणं लागलं की आजी लताबाईंचा आवाज ऐकायची, आई शब्द गुणगुणायची, आणि गाणारा थांबला रे थांबला की मामा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. "हं, आता ऐका. हा एम टू." एम वन म्हणजे सुरुवातीचं म्युझिक, एम टू पहिल्या अंतऱ्याआधीचं, एम थ्री दुसऱ्याआधीचं. मला बरीच गाणी आजही याच हिशेबाने आठवतात. शब्द विसरतो, एम थ्री विसरत नाही.

आम्ही गिरगावात राहायचो. खोताची वाडी चाळीपासून हाकेवर, आणि तिथल्या एका लाकडी जिन्याच्या घरात मामाचे दोस्त राहायचे. मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे, ट्रम्पेटवाले. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. मामा त्यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचा आणि तेही मामाला पात्रांवच म्हणायचे. रविवारी मिस आटोपून अंकल आले की दोघं गॅलरीत बसायचे आणि भांडायचे. या लेखातला निम्मा इतिहास त्या गॅलरीतला आहे. उरलेला मी पुढे वाचून आणि रेकॉर्डी ऐकून पडताळला. अंकल सनावळीत चुकायचे, माणसांत कधीच नाही. मामाचं बरोबर उलट.

अंकलचा इतिहास छडीपासून सुरू व्हायचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा असायच्या. मिसेला गाण्यासाठी मुलं तयार व्हावीत म्हणून तिथे पाश्चात्त्य संगीत शिकवत. आधी सोल्फा, मग व्हायोलिन. ताल देणारा हात चुकला की मेस्त्रीची, म्हणजे संगीताच्या मास्तरांची, छडी बसायची. आपल्याला क-ख वाचता येण्याआधी नोटेशन वाचता येत होतं, असं अंकल सांगायचे आणि डाव्या हाताची बोटं पुढे करून दाखवायचे, जणू वळ अजून तिथेच आहेत. शाळा देवाच्या कामासाठी होती, पण तिथे शिकलेली माणसं पोटासाठी घराबाहेर पडली. कोणी संस्थानिकांच्या बँडमध्ये गेलं, कोणी बोटीवर, कोणी हॉटेलात. मुंबईत उतरलं की धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावच्या कूडमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ट्रंक टाकायची आणि कामाची वाट बघायची.

मूकपटांच्या जमान्यात थिएटरात पडद्याखाली बसून वाजवायलाही माणसं लागत. १९३१ साली आमच्याच गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. पडद्याखालची खुर्ची गेली. पडद्यामागे नवी खुर्ची मिळायला मात्र वेळ लागला, कारण सुरुवातीची गाणी पेटी, तबला, सारंगी, क्लॅरिनेट अशा चार-सहा वाद्यांवर निभायची. मग स्वातंत्र्याच्या आसपासच्या पाच-सात वर्षांत बरंच काही एकदम घडलं. फाळणीने लाहोरचा धंदा तुटला. संस्थानं विलीन झाली आणि त्यांचे बँड मोडले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याला ओहोटी लागली. वाद्य हातात, खिसा रिकामा, अशी पूर्ण तयारीची माणसं ताडदेव, दादर, परळच्या स्टुडिओंच्या दारात येऊन उभी राहिली. इकडे संगीतकारांनाही नेमका तेव्हाच मोठा आवाज हवा झाला होता. १९५२ च्या 'आन'साठी नौशाद यांनी शंभर वादक बसवले, ही गोष्ट तर त्या पिढीच्या प्रत्येक वादकाने आपण तिथे असल्यासारखी सांगितली आहे. मामानेही सांगितली आहे. तो तेव्हा पुण्यात कॉलेजात होता.

अंकलचं दैवत चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. ताजमध्ये बँड चालवायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या चालींमध्ये जो स्विंग शिरला त्यात चिकसारख्या माणसांचा मोठा हात होता. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. अंकल तो सिनेमा कुठेही लागला की जायचे. थिएटरभर लोक नायकाच्या, भगवानदादांच्या पायांकडे बघत असायचे, आणि हे एकटे मागे वाजवणाऱ्यांकडे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. गाणं संपताच ते उठले आणि मला ओढत बाहेर घेऊन आले. पुढची गोष्ट काय झाली हे मला फार वर्षांनी कळलं.

मामाच्या गोष्टी माईकच्या असत. तेव्हा गायक, वादक, कोरस सगळे एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. माईक मोजके. कोणतं वाद्य किती मोठं ऐकू यावं हे बटणावर ठरत नसे, कोण कुठे बसतो यावर ठरायचं. तालवाद्यं लांब, व्हायोलिनं मध्ये, आणि ज्याचा सोलो असेल त्याने आपली वेळ आली की उठून माईकपाशी यायचं, वाजवायचं आणि गाणारा पुढची ओळ उचलायच्या आत पावलांचा आवाज न करता परत जायचं. बासरीवाले, सॅक्सोफोनवाले यात पटाईत. पंख्याचा आवाज टिपला जाऊ नये म्हणून टेकला पंखे बंद. मे महिन्यात पन्नास माणसं घामाने निथळताहेत, गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत बिनचूक आलंय, आणि तिथे कोणाचा तरी गज स्टँडला लागतो. पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका बासरीवाल्याचं पोट भुकेने गुरगुरलं, तेही माईकने पकडलं, आणि रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून विचारलं, हा बास कोण वाजवतंय?

मामाच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. पुठ्ठ्याच्या, शंभर पानी. पानाच्या डोक्यावर सिनेमाचं नाव क्वचितच, कारण वादकांना ते पुष्कळदा माहीतच नसायचं. संगीतकाराचं आद्याक्षर, ताल, आणि पट्टी : काळी चार, पांढरी दोन. खाली देवनागरी सारेगम. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, मात्रांसाठी उभ्या रेघा. मध्येच लाल पेन्सिलीने 'थांबणे ८', म्हणजे आठ मात्रा हात मांडीवर. एका पानावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ आहे आणि त्या वर्तुळात बसेल अशा बेताने कोणीतरी निषादाला कोमलचं चिन्ह नंतर घातलंय. अक्षर मामाचं नाही. अंकलकडचे कागद वेगळे, पाच रेघांचे, शाईचे, शेपट्या असलेल्या टिकल्यांनी भरलेले. अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारा, पाच रेघांवर लिहायचा. गोव्याची मंडळी कागद समोर आला की वाजवू लागायची. मामासारखे शेजारच्याकडून एकदा ऐकून घ्यायचे, भराभर सारेगम उतरवायचे आणि दुसऱ्या रिहर्सलला बरोबरीने वाजवायचे. एकाच स्टँडवर हे दोन्ही कागद शेजारी असायचे. मुंबईच्या त्या ऑर्केस्ट्राबद्दल विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. मला मात्र तो स्टँड डोळ्यांसमोर आणला की पुरतं.

देवनागरी नोटेशनचा राजा मामाच्या मते एकच, प्रभाकर जोग. लहानपणी वडील गेले आणि पुण्याच्या वाड्यावाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर त्यांनी व्हायोलिन वाजवलं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, त्यात आणि पुढे सुधीर फडके यांच्या गीतरामायणाच्या जाहीर कार्यक्रमांत जोगांचं व्हायोलिन साथीला असे. हिंदीतही त्यांनी बड्या संगीतकारांकडे वाजवलं. संगीतकार चाल म्हणत असतानाच ते लिहून मोकळे व्हायचे, ही त्यांची ख्याती. त्यांच्या 'गाणारं व्हायोलिन'च्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्यात त्यांना ठाऊक आहे, गज दीर्घाला लांबतो, जोडाक्षराला टेकतो, आणि शब्द नसताना शब्द ऐकू येतात. अंकल हे मान्य करायचे, पण म्हणायचे, सोलो ठीक, ग्रुपमध्ये तुम्ही लोक गज चार दिशांना नेता. त्यावरून जुंपायची.

आणि 'आवारा'च्या ढोलकची गोष्ट. ती मामाने किती वेळा सांगितली असेल. राज कपूरने १९५१ च्या या सिनेमात स्वप्नदृश्याचं गाणं करायचं ठरवलं. वादकांचा ताफा, कोरस, सगळं जमलं, रात्र चढली, पण गाण्याला रंग येईना. मग कोणीतरी म्हणालं, लालाभाऊंना आणा. लाला गंगावणे आले, ढोलक मांडीवर घेतला, आणि एवढा मोठा विलायती डोलारा आपल्या तालावर नाचायला लागला. गाण्यात ढोलक लालाभाऊंचाच आहे, हे नक्की. मामाला यात अभिमान ढोलकीच्या फडाचा होता. अंकल म्हणायचे, डोलारा होता म्हणून ढोलक उठून दिसला. मला दोघांचंही पटतं, आणि असं सांगितलं की दोघांनाही राग यायचा.

एका माणसाबद्दल मात्र गॅलरीत एकमत होतं. सेबॅस्टियन डिसोझा. रेईश मागुशचे. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता. मुंबईला आल्यावर ओ. पी. नय्यर यांच्याकडे अरेंजर, आणि मग शंकर-जयकिशन यांच्याकडे वीसहून जास्त वर्षं. त्यांनी काय केलं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे 'मोठा ऑर्केस्ट्रा' म्हटलं की लोक नुसती डोकी मोजतात.

अडचण अशी होती. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा उभा असतो हार्मनीवर, एका वेळी तीन-चार स्वर एकमेकांवर रचलेले. आपली चाल आडवी वाहते, एका स्वरातून दुसऱ्यात मिंडेने जाते. शंकर-जयकिशन यांना तर भैरवीचं वेड. भैरवीच्या कोमल ऋषभाखाली जाडजूड कॉर्ड दडपली की भैरवी गुदमरते. कॉर्ड काढून टाकली तर तीस व्हायोलिनांनी करायचं काय? सगळ्यांनी गायकाच्या मागे तीच चाल वाजवली तर ती भजनातली पेटी झाली. सेबॅस्टियन यांनी व्हायोलिनांना स्वतःची चाल दिली. गायक ओळ म्हणत असताना ती खूप वर किंवा खूप खाली, सावकाश, वेगळ्याच वाटेने चाललेली असतात. गायकाशी भांडत नाहीत आणि त्याची री ओढत नाहीत. ओळ संपली की सगळी एका सुरात, सप्तकाच्या अंतराने, झेप घेऊन येतात. वादकांच्या बोलीत याला काउंटर म्हणायचे. हार्मनी आहेच, पण ती दोन चालींच्या मधल्या जागेत, कानाला टोचणार नाही इतपत. १९६० चा 'दिल अपना और प्रीत पराई' घ्या किंवा १९६४ चा 'संगम'. एकदा तरी गायकाचा आवाज कानाआड करून मागे काय चाललंय तेवढंच ऐका. पहिल्यांदा जमत नाही, लताबाई सोडत नाहीत. जमलं की मात्र ते गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकता येत नाही.

सेबॅस्टियन ऑर्केस्ट्राला रागाच्या घरी घेऊन आले. अँथनी गोन्साल्विस यांना रागाला ऑर्केस्ट्राच्या घरी न्यायचं होतं. हा १९२७ चा माजोर्ड्याचा मुलगा, १९४३ मध्ये मुंबईत आला, नौशाद यांच्या वाद्यवृंदात शिरला आणि थोड्याच वर्षांत अरेंजर झाला. शिकवणंही चालू होतं. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे. त्यांच्या रचनांची नावंच पाहा : 'सोनातिना इंडियाना', राग सारंगमधला कॉन्चेर्टो. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात ११० वादक बसवले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे.

मामा त्या रात्री प्रेक्षकांत होता आणि अंकल स्टेजवर. दोघांच्या हकिगती जुळत नसत. मामाला आठवायचं ते हे की, रोज ज्यांच्या शेजारी घामाने ओले शर्ट घालून बसायचो ती माणसं काळ्या कोटात बसली होती, आणि मध्ये तीन मिनिटांनी गाणं संपत नव्हतं. अंकलना आठवायचं ते एवढंच, की कार्यक्रमभर रेकॉर्डिस्टने एकदाही थांबवलं नाही. पैशाचं मात्र गणित बसलं नाही. स्वतःच्या खिशातून सिंफनी किती दिवस चालणार? १९६५ मध्ये अँथनी यांना अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात जायची संधी मिळाली, ते गेले. परत आले ते सिनेमात न येता माजोर्ड्याला जाऊन राहिले. लोकांना वाटायचं ते अजून परदेशातच आहेत.

१९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला. अमिताभ मोठ्या ईस्टर एगमधून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो, ते गाणं. नायकाचं आडनाव आधी वेगळं होतं आणि सिनेमाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचं नाव सुचवलं, असं सांगतात. गुरूला शिष्याने वाहिलेली फुलं, हे तर प्यारेलालच म्हणत आले आहेत. चाळीतली सगळी पोरं ते गाणं म्हणत जिन्यावरून उड्या मारायची. मामाने मला थांबवून विचारलं, हा कोण माहिती आहे का? मी म्हटलं, अमिताभ. मामा काही बोलला नाही. मला हाताला धरून वाडीत अंकलकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "पात्रांव, याला सांग." अंकलनी ट्रंकेतून १९५८ चा कार्यक्रमाचा कागद काढला. लक्षावधी लोकांच्या तोंडी असलेलं नाव एका जिवंत, गोव्यात निमूट राहणाऱ्या माणसाचं आहे, हे मला बाराव्या वर्षी कळलं, आणि मला वाटतं मी गाण्याचा चाहता होतो तो म्युझिकचा झालो ते त्या दुपारी. पुढे अशोक राणे यांनी अँथनी यांच्यावर माहितीपट केला. २०१२ च्या जानेवारीत ते गेले. तोवर अंकलही उरले नव्हते.

गॅलरीतल्या गप्पा पैशांवर आल्या की आवाज खाली यायचे. संध्याकाळी रेकॉर्डिंग संपलं की त्याच दिवशी रोख, हा रिवाज. तो पाळणारे निर्माते होते आणि न पाळणारेही होते. एका निर्मात्याने बॅकग्राउंडचे पैसे इतके महिने लटकवले की मामाने नाव घेणंच सोडून दिलं. रेडिओवर त्या सिनेमाचं गाणं लागलं की तो फक्त बोटं मोडायचा. बॅकग्राउंडचं काम तर आणखी निनावी. पडद्यावर रीळ फिरतंय, कंडक्टरची एक नजर पडद्यावर, एक वादकांवर. दार उघडलं की व्हायोलिनांचा थरथराट, बंद झालं की चूप. पण कारागिरी तिथेही असायची. 'हम दोनों'मध्ये सिगरेट लायटर उघडला की छोटी धून वाजते, ती केरसी लॉर्ड यांनी ग्लॉकेनश्पीलवर वाजवलेली. जयदेव यांची रचना. सिनेमातल्या निम्म्या भावना त्या चार-सहा टिणटिण स्वरांनी वाहून नेल्या आहेत.

याच केरसींनी १९७३ च्या सुमारास मूग सिंथेसायझर आणला. त्यांना नव्या आवाजाची ओढ होती, दुष्ट हेतू काही नव्हता. पण ऐंशीच्या दशकात कीबोर्डवर व्हायोलिनांचा आवाज मिळू लागला, ट्रॅक वेगळे झाले, गायक एकटा येऊन गाऊन जाऊ लागला. आधी मागच्या रांगा गेल्या. मामा मागच्याच रांगेत होता. त्याने तक्रार केली नाही, शिकवण्या घेतल्या. कीबोर्डवरच्या व्हायोलिनांना तो 'पावाची व्हायोलिनं' म्हणायचा. म्हणजे सगळी एकाच साच्यातली. खरं आहे ते. मुंबईच्या त्या जुन्या रांगांत कोणाची मिंड अर्धी मात्रा आधी सुटायची, कोणाचा गज जरा जड पडायचा, अंकल ज्याला चार दिशा म्हणायचे तेच. त्यानेच तो आवाज रुंद व्हायचा.

२०१६ मध्ये 'सैराट' आला. अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडमध्ये, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केला. करमाळ्याकडच्या पोरापोरींची गोष्ट, आणि मागे अमेरिकन वादक. मी रेकॉर्ड घेऊन मामाकडे गेलो. ऐंशी उलटलेली, कानाला यंत्र. त्याने एका गाण्याचा एम वन ऐकला, एम टू ऐकला, मधे एकदा हात वर करून मला गप्प केलं.

"हॉर्न खरे आहेत," तो म्हणाला. "व्हायोलिनंही खरीच. किती असतील?"

मी म्हटलं, चाळीसेक तरी.

"सगळ्यांचे गज एकत्र जाताहेत. पात्रांव खूश झाला असता." मग थोडं थांबून, "मराठी पिक्चरला एवढा खर्च? चांगलंय. चांगलं लिहिलंय पोरांनी." पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणाला. अर्ध्यावर त्याने यंत्र सारखं केलं आणि विचारलं, "तिकडे पैसे त्याच दिवशी देतात का रे?"